सरकीच्या नाळीवरचा डोळा

अकोल्याहून मूर्तिजापूरकडे निघालं की रस्त्याला एक कापसाची जिनिंग लागते. माझं सगळं कामाचं वय तिथे गेलं. चौथीपर्यंत शिकले, मग शेतात निंदायला गेले, मग लग्न, मग जिनिंग. नवरा तिथेच हमाल होता. तो मला मारायचा आणि मीही त्याला मारायचे. त्याच्या कपाळावर माझ्या उलथन्याचा वण होता. प्रेसमधून दाबून निघालेली रुईची अवजड गाठ अंगावर आली आणि तो वण घेऊनच तो गेला. मी फार रडले नाही. त्याचे दिवस झाले आणि कामावर हजर झाले.

पोरीलाही मी मारायचे. शाळा बुडवली की मारायचे, खोटं बोलली की मारायचे, कधी कधी नुसताच राग आला म्हणूनही. मार खाऊन ती शिकली असं मी म्हणत नाही. मी मारलं आणि ती शिकली, एवढंच. अमरावतीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकली आणि तिथेच संशोधनाला लागली. लोक विचारायचे, कशातलं संशोधन? सिस्टिम्स इंजिनिअरिंग, हे दोन शब्द मी पाठ केले होते. त्याच्या पुढचं कोणी विचारलं तर मी तोंड फिरवायचे.

जिनिंगचं काम असं असतं. शेतकऱ्याचा कापूस रेच्यांवर पडतो. रेचा रुई, म्हणजे तंतू, आणि सरकी, म्हणजे बी, वेगळी करतो. रुई प्रेसकडे जाते, तिच्या गाठी होतात. सरकी खाली जमिनीतल्या नाळीत पडते. नाळीत एक पीळदार लोखंडी दांडा फिरत असतो, त्याला सगळे स्क्रू म्हणतात. तो सरकी ढकलत गोदामात नेतो. कापूस ओला असला की नाळ तुंबते. मग झाकण उचलून अडकलेला लगदा ओढून काढावा लागतो. मशीन बंद करून काढायचा, असा नियम भिंतीवर लिहिलेला होता. पण मशीन बंद केलं की अख्खी लाइन उभी राहते आणि मुकादम आईवरून शिव्या देतो. म्हणून बाया चालू मशीनमध्येच काठी घालत. काठी मोडली की हात.

त्या स्क्रूने माझ्या डोळ्यांदेखत बोटं घेतली, पंजे घेतले. एका बाईचा पदर घेतला आणि पदरामागून तिची मान नेली. तिचं तोंड नाळीच्या काठावर आपटत होतं तो आवाज मला अजून ऐकू येतो, नारळ फुटत नाही तेव्हा येतो तसा. तिला उचललं, नाळ धुतली आणि जेवणाच्या सुट्टीनंतर लाइन चालू झाली. आम्ही त्याच नाळीजवळ उभ्या होतो. कोणी घरी गेली नाही. जाणार कुठे?

एकदा सुट्टीत पोरगी घरी आली होती. मी भाकरी थापत होते.

"तू तिथं करते काय, नीट सांग मले," मी म्हटलं.

"माय, तुमच्या जिनिंगमधला रेचा चांगला आहे?"

"चांगला आहे."

"मोटर? स्क्रू? प्रेस?"

"सगळं चांगलं आहे. मालक त्यात कंजुषी करत नाही."

"मंग हात काहून जातात?"

"बाया बेअक्कल आहेत म्हणून."

ती हसली नाही. "तुकडे सगळे चांगले आहेत, पण एकाचं दुसऱ्याले मालूम नाही. हात आत गेला हे मोटरले समजत नाही. नाळ तुंबली हे रेच्याले समजत नाही. मी ते समजून देते. पुढं सगळीकडं हेच होणार आहे, माय. कारखाना, दवाखाना, रेल्वे. एकेक मशीन घेऊन कोणी बसणार नाही. सगळं मिळून कसं चालते अन् कसं बिघडते, ते पाहतील."

"आन माणूस?"

"माणूसही त्यातच आला."

"माणूस म्हणजे काय मशीनचा तुकडा आहे का वो?"

"तुह्या मालकाले विचार," ती म्हणाली.

मालकाला तिने खरंच विचारलं. नाळीच्या प्रत्येक झाकणापाशी एक डोळा लावू द्या, म्हणाली. खर्च कॉलेजचा होता म्हणून मालक हो म्हणाला. डोळा म्हणजे एका बाजूने प्रकाश सोडणारी डबी आणि समोर तो प्रकाश पाहणारी काच. मधे काही आलं, हात असो की काठी असो, की मोटरची वीज तुटायची आणि सगळी लाइन जागच्या जागी थांबायची. आमच्या वायरमनने तारा ओढल्या. तो अकोल्याच्या जुन्या वस्तीतला मुसलमान माणूस, माझ्याच वयाचा, माझ्या नवऱ्याबरोबर तंबाखू खाणारा. मला मौसी म्हणायचा, कारण त्याची बायको म्हणायची. डोळे लावून झाल्यावर म्हणाला, "मौसी, अब मालक की गालियां भी ये डब्बा ही खाएगा."

पहिल्या हंगामात कोणाचं बोट गेलं नाही. बाया खूश झाल्या आणि बायांनी आपली एक रीत पाडली. काठ्या फेकून दिल्या. नाळ तुंबली की झाकण उचलायचं आणि सरळ हात घालायचा. मशीन आपोआप थांबायचं. लगदा काढायचा, हात बाहेर घ्यायचा, झालं. मुकादमाची शिवी नाही, हाका मारणं नाही. मशीन बंद करायचं बटण दूर खांबावर होतं, तिथपर्यंत कोण जाणार? हात हेच बटण झालं होतं. मीही तसंच करायचे.

त्यानंतरचं वर्ष वाईट होतं. त्या काळात तशी सगळीच वर्षं वाईट होती. पाऊस नको तेव्हा आला, बोंडअळी आली, सरकारी खरेदी सुरू होईना. गावोगाव माणसं फवारणीचं औषध पिऊन मरत होती. आमच्या लाइनीतल्या बाया गावाकडच्या मयतीला जायच्या आणि तिसऱ्या दिवशी कामावर यायच्या. दिवाळीला जिनिंग बंद असते हे माहीत असूनही लोक ट्रॉल्या आणून गेटबाहेर रांगेत उभे राहिले, कारण भाव रोज उतरत होता आणि जो आधी आत जाईल त्याचा कापूस त्यातल्या त्यात बऱ्या भावाने जाणार होता. रांग रस्त्यावर पार लांब गेली. लोक ट्रॉलीखालीच झोपत, तिथेच खात, तिथेच भांडत. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी नंबर मागेपुढे झाला म्हणून एकाने दुसऱ्याच्या डोक्यात ट्रॅक्टरचा पाना घातला. उघड्यावरचा कापूस रात्रीच्या दहिवराने ओला होत होता.

यंत्रांची पूजा आमच्याकडे दसऱ्याला होत नाही, दिवाळीच्या पाडव्याला होते. मालकाच्या घरची तशी रीत आहे. मालकाची आई येते आणि एकेका मशीनला हळदकुंकू लावते. मी विधवा, त्यामुळे पूजेच्या वेळी मला सरकीच्या गोदामात पाठवतात. मला त्याचं काही वाटत नाही, तेवढाच आराम. म्हणून पुढचं मी पाहिलं नाही, बायांनी सांगितलं ते लिहिते. म्हातारीने तुपात कुंकू कालवून आणलं होतं, घट्ट बसावं म्हणून. मोटरला लावलं, रेच्यांना लावलं, मग नाळीपाशी येऊन विचारलं, हे काय नवीन? एक बाई म्हणाली, हा डोळा आहे आजी, हा आमचे हात राखते. म्हातारीने हात जोडले. म्हणाली, "मंग याले तर आधी लावाले पाह्यजे होतं." आणि काचेवर चांगला ठसठशीत टिळा लावला. एका नाही, सगळ्या डोळ्यांना.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जिनिंग उघडली. मी गोदामात सरकी ओढत होते. मशीन उठेना. गेटबाहेर लोकांना वाटलं, मालक मुद्दाम बंद ठेवतो, भाव आणखी उतरावा म्हणून. दगड सुरू झाले. ऑफिसच्या काचा फुटल्या. चौकीदाराला बाहेर ओढून इतकं तुडवलं की त्याला रक्ताची उलटी झाली. गेटवर चढून सगळ्यांच्या वर एक माणूस ओरडत होता, मूर्तिजापूरकडच्या गावचा, उंच, दाढी वाढलेली. "चालू करा, नाही त जिनिंग पेटवतो! आतल्या सगळ्याइले जाळतो!" हातात काडीपेटी होती. जिनिंगमध्ये रुई उडत असते. एक काडी पुरते.

तो आमच्या लाइनीतल्या एका बाईचा भाऊ होता. ती बाई तिशीतली, दांडगी, तोंडाची फाटकी. माझं तिच्याशी दोनदा भांडण झालं होतं, एकदा झिंज्या धरून. आदल्या दिवशी तिने रस्त्यावर, ट्रॉलीपाशीच त्याला ओवाळलं होतं.

आत काय चाललं होतं ते मला नंतर, त्याच दिवशी, वायरमनकडून कळलं. वायरमनने झाकणापाशी पाहिलं, त्याला लगेच दिसलं की काचेवर कुंकू आहे, प्रकाश जात नाही, म्हणून वीज येत नाही. त्याने फडकं काढलं. म्हातारी तिथेच खुर्चीवर बसली होती, हंगामाचा नारळ फोडायला आली होती. ती किंचाळली, "पाडव्याचं कुंकू पुसता? माह्या हातचं? मिलले विधवा करता का रे?" वायरमनचा हात तिथेच थांबला. त्याच्यासारख्या माणसाने मालकाच्या आईच्या हातचं कुंकू चार लोकांसमोर पुसलं असतं तर त्याचं काय झालं असतं, हे अकोल्यात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. बायांपैकीही कोणी पुढे झाली नाही. सवाशीण बाई कुंकू पुसेल कशी? मला हाक मारली असती तर मी पदराने पुसून टाकलं असतं. माझं कोण काय वाईट करणार होतं? पण मी गोदामात होते.

बाहेर काडीपेटी, आत म्हातारी. मालक म्हणाला, "डायरेक्ट कर. संध्याकाळी पाहू."

वायरमनने डोळ्यांची तार सोडवून वीज थेट मोटरला जोडली. मशीन उठलं. गेटबाहेर लोकांनी शिट्ट्या मारल्या. बायांना वाटलं, दुरुस्त झालं.

पहिल्याच ट्रॉल्यांचा कापूस दहिवराचा. थोड्या वेळात नाळ तुंबली. त्या बाईने झाकण उचललं आणि रोजच्यासारखा हात घातला, मशीन थांबवायला.

मी ओरडणं ऐकून धावले. ती नाळीवर पालथी होती, गाल जमिनीला चिकटलेला, आणि स्क्रू तिला ओढत होता. आधी पंजा, मग मनगट, मग कोपर. प्रत्येक फेऱ्याला तिचं सगळं अंग थोडं पुढे सरकायचं. बाया तिच्या कंबरेला धरून मागे ओढत होत्या आणि त्याने आणखीच फाटत होतं. मी त्यांना लाथा घालून दूर केलं. वायरमन विजेच्या पॅनेलकडे पळाला, हँडल खाली पाडलं, तरी लोखंड आपल्या वजनाने थोडं फिरलंच. मग शांत झालं. ती शुद्धीवर होती. मला म्हणाली, "बाई, हे थांबलं काहून नाही वो?" नाळीतली सरकी लाल लाल झाली होती. हात खांद्याच्या खाली एका कातडीवर होता. तो मीच पदरात गुंडाळला आणि तिच्याबरोबर जीपमध्ये ठेवला. तिचा भाऊ गेटवरून उडी मारून आत आला, बहिणीला पाहून त्याचं तोंड उघडं पडलं, आणि जीपच्या मागे लटकून दवाखान्यात गेला.

माझी पोरगी त्या दिवशी येणारच होती, हंगामाच्या सुरुवातीला डोळे तपासायला. बडनेऱ्यावरून गाडी उशिरा निघाली. ती आली तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. माझ्या लुगड्यावर रक्त पाहून तिला आधी वाटलं मीच. मग तिने काही न विचारता नाळीपाशी जाऊन काच पाहिली, डबी उघडली, तार पाहिली. वर पाहिलं तेव्हा वायरमन समोर उभा होता. तिला कळलं. तिला कळलं हे त्यालाही कळलं.

तेवढ्यात भाऊ परत आला. शर्ट बहिणीच्या रक्ताने भिजलेला. त्याच्यामागे गेटवरचे सगळे. मालक ऑफिसच्या पायरीवर उभा होता. त्याने माझ्या पोरीकडे बोट दाखवलं. "ही कॉलेजवाली. हिचंच मशीन होतं. हिनंच सांगतलं होतं हात जाणार नाही म्हणून. विचारा तिले."

लोकांनी तिला घेरलं. भाऊ म्हणाला, "बोल. तुह्या डोळ्यानं काहून नाही पाह्यलं? का आणखी कोणं काही केलं? नाव सांग."

नाव तिला माहीत होतं. वायरमन तिच्यापासून हातभर होता. ती एक शब्द बोलली असती तर ते लोक त्याच्याकडे वळले असते, आणि त्याचं नाव ऐकल्यावर भांडण जिनिंगपुरतं राहिलं नसतं. आणि ती गप्प राहिली तर तिच्या डोळ्याने हात खाल्ला, असंच ठरणार होतं. मग कोणत्याच जिनिंगने तो डोळा दारात येऊ दिला नसता. इतक्या वर्षांचं काम तिथल्या तिथे संपलं असतं. मी तिच्याकडे पाहत होते. माझ्या मनात एकच होतं, सांग त्याचं नाव आणि बाहेर पड. मी खोटं लिहिणार नाही. मला तेव्हा त्याची पर्वा नव्हती.

ती म्हणाली, "एकाचं नाव नाही. चूक मांडणीत आहे. मांडणी माझी आहे."

त्यांना 'माझी' एवढंच ऐकू आलं.

पहिली थापड भावाने मारली. ती पडली. मग लाथा आल्या. कोणीतरी रेच्याचा लोखंडी गज उचलून तिच्या तोंडावर मारला, जबडा मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मी बोलत बसले नाही. भिंतीवर हमालांचे आकडे टांगलेले असतात, गाठी ओढायचे, टोकदार. मी एक काढला आणि भावाच्या खांद्यात मागून घातला. तो ओरडला, मी ओढला, मांसात अडकलेला आकडा निघेना, तसंच मी त्याला फरफटत मागे आणलं. दुसरा आकडा काढून आणखी एकाच्या मांडीत मारला. एकाने माझ्या पाठीत दगड घातला, तिथलं हाड अजून थंडीत दुखतं. वायरमन माझ्या पोरीच्या अंगावर पालथा पडला होता, तिच्या वाटच्या लाथा खात. पोलीस आले आणि त्यांनी सगळ्यांनाच झोडपलं, आम्हालाही.

माझ्यावर केस झाली. कोर्टाच्या तारखांना मी कितीतरी वर्षं गेले. वकिलाने सांगितलं, पश्चात्ताप झाला असं म्हणा. मी म्हटलं नाही.

पोरीचा जबडा तारेने बांधला होता, पुढचे दात गेले होते. सरकारी दवाखान्यात वायरमन भेटायला आला, हातात मोसंबी. मी चप्पल काढली आणि वॉर्डात सगळ्यांसमोर त्याला मारली. तोंडावर, डोक्यावर. तो खाली बसला, हात वर केला नाही. नर्स ओरडली, मी थांबले नाही. थकले तेव्हा थांबले.

"हो गया, मौसी?" तो म्हणाला.

"नाही झालं."

"तो और मारो. मैं कल भी आता."

पोरगी बांधलेल्या दातांतून काहीतरी म्हणाली. मी कान जवळ नेला. "माय, त्याले सोड. माह्या नकाशात गेट नव्हतं."

मला वाटलं, डोक्याला मार लागला आहे. पण ती सरळ बोलत होती. पुढे बरी होत गेली तसं तिने समजावलं. तिने नकाशा काढला होता त्यात रेचा होता, मोटर होती, नाळ होती, हात होता. रांग नव्हती. उतरता भाव नव्हता. दहिवर नव्हतं, पाडवा नव्हता. काठ्या फेकून बाया हातालाच बटण करतील हेही नव्हतं, आणि ते तर तिच्याच डोळ्याने शिकवलं होतं. "सिस्टिम गेटपाशी संपते असं मी धरलं होतं. ती बाहेरून आत आली," ती म्हणाली. आता पुढचं संशोधन तिथून करायचं होतं. कापूस आणायचा नंबर शेतकऱ्याला घरीच मोबाइलवर मिळावा, म्हणजे रांगच लागणार नाही. आणि डोळ्याची तार कोणी डायरेक्ट केली तर मशीन उठणारच नाही, अशी जोडणी. डोळ्याला दिसत नसेल किंवा डोळा जोडलेलाच नसेल, तर मोटर मेलेली.

पण करायचं कुठे? दुसऱ्या कोणत्या जिनिंगने दार उघडलं नाही. धामणगावला एकाने बसवून चहा पाजला आणि म्हणाला, ताई, तुमचा तो हात खाणारा डोळा आमच्याकडे नको. राहिली आमचीच जिनिंग. तिला सरकारी माणसाने कुलूप लावलं होतं, रक्षणाची सोय दाखवल्याशिवाय उघडणार नाही म्हणून. त्यामुळे मालकाला आता डोळा हवा होता. नको होता तो बायांना. त्या आवारात जमल्या आणि म्हणाल्या, तो डोळा लावला तर आम्ही कामावर येत नाही. काठीच बरी. एक जण म्हणाली, त्या डोळ्यात काहीतरी आहे, तो आधी विश्वास धरू देतो आणि मग खातो. पोरगी समोर उभी होती, दात नसलेलं तोंड, कोणी ऐकेना. कॉलेजने सांगितलं होतं, ही जिनिंग नाही म्हणाली तर काम बंद.

तेव्हा ती हात गेलेली बाई गेटातून आली. एका बाहीला गाठ मारलेली. सगळ्या बाजूला झाल्या. ती पोरीसमोर उभी राहिली.

"मले एक सांग. त्या दिवशी डोळा आंधळा झाला होता, का कोणं केला होता?"

"केला होता."

"कोणं?"

वायरमन पुढे आला. "मी केला, बाई."

तिने डाव्या हाताने त्याच्या तोंडावर अशी मारली की तो नाळीच्या झाकणावर जाऊन पडला. ओठ फाटला. ती त्याच्यावर वाकली. "तुले कोणं सांगतलं?"

"मालकानं."

मालक ऑफिसात शिरला.

"मालकाले कोणं सांगतलं?" ती म्हणाली. "मी सांगतो. गेटवर माहा भाऊ बोंबलून राहिला होता. मी आतून आवाज वळखला. अन् मीही म्हणून राहिली होती, करा बापा चालू, त्याचा कापूस भिजून राहिला." तिने बायांकडे पाहिलं. "आता तुमी सांगा, कोणाले मारता? मले मारा. एक हात आहे, तोही घ्या."

डोळ्यात काहीतरी आहे म्हणणारी मागे सरली.

"लाव वो तुहा डोळा," ती माझ्या पोरीला म्हणाली. "पण बंद पडला त बंद राहू दे. माहा भाऊ येऊ दे, त्याचा बाप येऊ दे."

डोळे लागले. तार डायरेक्ट होऊ न देणारी जोडणी मात्र अजून व्हायची होती. मोबाइलवरच्या नंबरालाही वेळ लागला, लोकांचा विश्वास बसायला वेळ लागला, आणि त्या हंगामातही गेटबाहेर रांग लागलीच. एके सकाळी मशीन उठलं नाही. काचेवर रुईचा थर बसला होता. पोरगी एकेक काच पुसत होती, तिला वेळ लागणार होता. बाहेर ओरडा सुरू झाला, गेट हलायला लागलं, मालक घाबरून पुन्हा डायरेक्ट करायला पॅनेलकडे आला. मी पॅनेलसमोर खुर्ची टाकून बसले होते, भिंतीवरचा आकडा मांडीवर. त्याने आकडा पाहिला, मला पाहिलं आणि आईवरून शिवी देऊन परत गेला.

पोरगी काच पुसता पुसता म्हणाली, "माय, तुले तिथं बसावं लागू नये, तेच त मले बनवायचं आहे."

"बनव," मी म्हटलं. "तोवर मी बसतो."

एक दगड छपराच्या पत्र्यावर आदळला. ती पुढच्या काचेकडे गेली.